पायली कोणाची ?

धान्याच्या बाजारांत ज्यानें मापारी पाहिला असेल, त्यास मापाचें मर्म समजावून सांगावयास नको. पायली भरावयाची, वरून हात फिरवावयाचा, पहिल्या मापास 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणावयाचें, आणि घेणारा व देणारा या दोघांनींही पायलीच्या कांठावरून डोळा हलवावयाचा नाहीं. मापांत पाप तेव्हांही होई. परंतु तें उजेडांत होई, आणि भांडण तेथल्या तेथें मिटे. आज आमच्या अमडापुरासारख्या गांवींही इंटरनेट मोजून विकत घेतलें जातें. त्याची पायली मात्र विकणाऱ्याच्या कोठारांत असते, मापारीही त्याचाच, आणि आपल्या हातीं येतो तो केवळ आंकडा.

पूर्वीं ही वस्तु तासांवर मिळे. 15 ऑगस्ट 1995 रोजीं विदेश संचार निगमानें ती आपल्या देशांत सामान्य ग्राहकांस खुली केली, तेव्हां भिंतीवरील घड्याळ पाहून हिशेब ताडतां येत असे. आतां माप 'जीबी'चें आहे, आणि जीबी कोणी डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं.

आमच्या घरीं लहानमोठीं अकरा माणसें. महिन्यास 500 जीबी असा करार. तितकें संपलें कीं वेग असा मंदावतो कीं सूनबाईंचें पुण्याच्या कचेरीचें घरबसल्या चालणारें काम अडून पडतें. गेल्या वर्षीं आषाढांत 24 तारखेसच 'मर्यादा संपली' असा संदेश आला. पुरवठादारास कोणीं कांहीं विचारलें नाहीं. चौकशी सुरू झाली ती घरांत. धाकट्या बंधूंचा नातू स्पर्धापरीक्षेचे पाठ रात्रीं जागून पाहतो, त्याजवर साऱ्यांचा संशय गेला. "आजोबा, मी पाठांखेरीज कांहीं पाहत नाहीं हो," असें तो मजजवळ येऊन म्हणाला. थोरल्या वहिनींनीं माजघरांतून टोला दिलाच, कीं आमच्या वेळीं मुलें दिवा मालवून निजत असत. पोर दोन दिवस पंगतीस बसला नाहीं. एकत्र कुटुंबांत तूप कोणीं अधिक वाढून घेतलें तें पानावर दिसतें. हें दिसत नाहीं, आणि म्हणूनच ज्याच्याकडे बोट वळेल त्यास आपली निर्दोषता सिद्ध करण्याचें साधन उरत नाहीं. पुरवठादाराच्या आंकड्यानें आमच्या घरांत जें केलें, त्याचा राग मला पैशाहून अधिक आला.

मीं शंभर पानांची एक वही काढली. रोज रात्रीं साडेनऊला मुलानें राउटरमधील आंकडा वाचावयाचा व मीं तो मांडावयाचा, असा नेम श्रावणभर चालला. त्यांतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली ही, कीं मुलाच्या पाठांचा खर्च बेताचाच होता; खरा खर्च माजघरांतील दूरदर्शन संचाचा. दुपारीं बंधू कीर्तन लावतात, त्यांस डुलकी लागते, आणि एक कीर्तन संपलें कीं दुसरें आपोआप सुरू होतें. स्वच्छ चित्राच्या एका तासास तीन जीबीपर्यंत खर्च होतो. बंधूंनीं हें ऐकून 'कीर्तन म्हणजे कांहीं चैन नव्हे' एवढेंच म्हटलें.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. पुरवठादारानें 500 पुरे झाल्याचें कळविलें, त्या दिवशीं आमची वही 461 दाखवीत होती. याची फोड अशी. संगणकविद्येंत हजाराऐवजीं 1024 नें गुणण्याची जुनी चाल आहे. त्या चालीनें एक जीबी म्हणजे 1,07,37,41,824 बाइट होतात. दशमानाच्या चालीनें तोच जीबी 1,00,00,00,000 बाइटांचा. मोठ्या मापास 'गिबिबाइट' हें निराळें नांव 1998 सालींच ठरलें, पण बाजारांत तें कोणी उच्चारीत नाहीं. लहान मापाचे 500 म्हणजे मोठ्या मापाचे 465 व कांहीं अंश. म्हणजे 39 च्या तुटींतील 34 तर एकट्या नांवाच्या घोटाळ्यांत गेले. राहिलेल्या पांचांबद्दल मी कोणास दोष देत नाहीं : वीज गेली कीं आमच्या राउटरचा आंकडा पुसला जातो, आणि वाटेंत हरवून पुन्हां धाडलेले तुकडे पुरवठादाराच्या हिशेबीं दोनदां लागूं शकतात.

येथें मला कौटिल्य आठवला. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत 'द्रोण' या एकाच नांवाचीं चार मापें आहेत : राजाच्या वसुलीचा द्रोण 200 पलांचा, व्यवहाराचा 187½, वाटपाचा 175, आणि अंतःपुरासाठीं 162½. घेण्याचें माप मोठें आणि देण्याचें लहान, ही युक्ति आजची नव्हे ! परंतु कौटिल्यानें चारही मापें उघड लिहून ठेवलीं आणि त्यांची दर चार महिन्यांनीं तपासणी सांगितली. माझें भांडण लहान मापाशीं नाहीं. करारपत्रांत कोणता जीबी हें लिहिलेलें नाहीं, याच्याशीं आहे.

नियम नाहींत असें नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें मोजणी व बिल यांच्या अचूकतेची संहिता 2006 सालीं केली, 2023 सालीं ती नव्यानें काढली, व त्यांत यंत्रणेचें लेखापरीक्षणही आहे. पण तें परीक्षण कोठारांत होतें, गिऱ्हाइकाच्या ओट्यावर नव्हे. न्यायाची वाटही बराच काळ अरुंद होती. 2009 च्या एका निकालामुळें अशा तक्रारी ग्राहकमंचांत चालत नसत. पुढें अहमदाबादेंतील एका ग्राहकास, ज्याचें बिल एरव्हीं सरासरी 555 रुपये येई, 2013 च्या अखेरीस एका महिन्याचे 24,609 रुपये लागले. तो मंचाकडे गेला, हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला, आणि फेब्रुवारी 2022 मध्यें न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानें मंचाचें दार त्यास खुलें असल्याचा निर्णय दिला.

आमच्या तक्रारीस 'आमची यंत्रणा बिनचूक आहे' असें एका ओळीचें उत्तर आलें. त्याच्यावर अपील धाडलें असून सोबत वहीच्या पानांच्या नकला जोडल्या आहेत. प्रश्न दोनच विचारले आहेत : तुमचा जीबी किती बाइटांचा, आणि मोजणी कोणत्या ठिकाणीं होते. वही आतां मुलाकडे आहे. वीज कितीदां गेली तेंही तो समासांत टिपून ठेवतो.