सुई टोचण्याआधी

नाकपुडीच्या बाजूला वर्षानुवर्षं असलेली, मोत्यासारखी चकाकणारी आणि अधूनमधून खपली धरणारी गाठ घेऊन आजी येतात. बायॉप्सीत बेसल सेल कार्सिनोमा निघतो. पूर्ण भूल लागणार नाही म्हटल्यावर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आजींना मात्र सुईचीच धास्ती असते, आणि ती रास्त आहे. कापतानाचं दुखणं औषध थांबवतं. औषध टोचतानाचं दुखणं कमी करायचं ते आम्हीच.

आधी पेनने गाठीची कड आखतो, तिच्याबाहेर ४ मिलिमीटरवर दुसरी रेघ. टोचल्यावर त्वचा फुगते, पांढरी पडते आणि गाठ कुठे संपते ते कळेनासं होतं.

औषध अ‍ॅड्रेनलीन घातलेलं लिग्नोकेन. त्याने रक्त कमी येतं आणि बधिरपणा जास्त टिकतो. नाकाच्या शेंड्याला अ‍ॅड्रेनलीन नको, ही जुनी शिकवण आता मागे पडली आहे. मात्र हे मिश्रण आम्लधर्मी, म्हणून आत जाताना झोंबतं. नऊ भाग औषधात एक भाग सोडियम बायकार्बोनेट मिसळलं की झोंबणं बरंच उतरतं. गर्दीच्या दिवशी एवढंही कुणी करत नाही, याचा मला राग येतो.

मात्रेचा हिशेब आधीच करायचा. अ‍ॅड्रेनलीनसह कमाल मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ किलोच्या आजींना ३१५. दोन टक्क्यांच्या औषधाचे हे जेमतेम पावणेसोळा मिलिलिटर. नाकाला ते पुरून उरतं, टाळूवरच्या मोठ्या गाठीला पुरत नाही. तिथे मी सलाइन घालून एक टक्का करतो.

नाकपुडीसाठी आधी ओठ उचलून हिरडीला बधिर करणारं जेल लावतो. मग तिथूनच बारीक सुई डोळ्याखालच्या हाडातून बाहेर येणाऱ्या मज्जातंतूजवळ नेतो आणि औषध अगदी सावकाश सोडतो. गाल, ओठ जड झाले की गाठीभोवतीची टोचणी फारशी जाणवत नाही. "आजी, ओढल्यासारखं कळेल, छातीत थोडं धडधडेल. दुखलं तर हात नाही उचलायचा, तोंडाने सांगायचं."

त्यानंतर दहा मिनिटं थांबतो. बधिरपणा लवकर येतो, पण रक्तवाहिन्या आकसायला वेळ लागतो. काढलेल्या तुकड्याची तपासणी लगेच करायची असेल तर निकालाला तासभर जातो. कडेला गाठ शिल्लक निघाली तर दुसरा थर काढण्याआधी पुन्हा टोचून विचारतो, आणि आजी "कळतंय" म्हणाल्या की आणखी औषध देतो, पहिल्या मात्रेचा हिशेब धरून.