‘साठ’ आणि ‘आठ’

आपल्या रोजच्या बोलण्यात कानासाठी दोनच खाने आहेत : ऐकू येणारा आणि बहिरा. या दोन टोकांमधला प्रदेश फार विस्तीर्ण आहे, आणि वर्गातली काही मुले त्या प्रदेशात मुकाट्याने राहत असतात. “हाक मारली की वळून पाहते, मग ऐकू येत नाही असे कसे म्हणता?” हा प्रश्न मी अनेक मातापित्यांकडून ऐकला आहे. प्रश्न रास्त आहे.

ऐकण्याची क्षमता डेसिबलमध्ये मोजतात. शांत खोलीत, एकेका कानाला, जाड आणि बारीक असे वेगवेगळे स्वर ऐकवून प्रत्येक स्वर कमीत कमी किती मोठा केला की ऐकू येतो, याचा आलेख काढला जातो. तोच ऑडिओग्राम. रूढ वर्गीकरणानुसार २५ डेसिबलपर्यंत श्रवण सामान्य मानतात. २६ ते ४० सौम्य दोष, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. हा हिशेब साध्या बेरजेचा नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे शून्य डेसिबलवर ऐकणाऱ्याच्या तुलनेत पन्नास डेसिबलवाल्या कानाला एक लाखपट ऊर्जा लागते.

आमच्या सातवीतली एक मुलगी या पन्नासच्या घरात होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे, म्हणून ती वसतिगृहात. इतिहासाच्या वहीत पन्हाळ्याच्या वेढ्याचे साल तिने १६०८ असे लिहिले होते. मी वर्गात ‘सोळाशे साठ’ म्हटले होते. ‘सोळाशे’ तिने सवयीने ओळखले; ‘साठ’मधला ‘स’ निसटला आणि ‘आठ’ उरला. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस असतात. स, श, फ, थ ही व्यंजने बारीक आणि क्षीण. तिचा दोष बारीक स्वरांकडे अधिक होता. हाक तिला पोचत असे, वाक्य पोचत नसे. कसर लागलेला दप्तरातला कागद वाचताना गळालेली अक्षरे अंदाजाने भरावी लागतात, तसे ती पोर दिवसभर करीत होती, आणि संध्याकाळी थकून गेली की तिला आळशी म्हटले जाई.

तपासणीनंतर आई म्हणाली, “मॅडम, कानात मशीन घातलं की पोरीचं नाव बहिरी पडंल. उद्या सोयरीक कोण करंल?” मी तिला ती वही दाखवली. नाव तर आधीच पडले होते, मठ्ठ म्हणून. आणि ते खोटे होते.

दुसरी अडचण कागदाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर कर्णबधिर आणि ६० ते ७० असेल तर ऐकू कमी येणारी व्यक्ती अशी व्याख्या आहे. पन्नासवाली मुलगी त्यात बसत नाही. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला समजते; पण फळ्यापुढे ती रेघ निरुपयोगी असते. शेवटी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दोन्ही कानांची यंत्रे घेतली.

श्रवणयंत्राविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. चष्म्याने नजर लगेच स्वच्छ होते, तसे येथे होत नाही. आजचे डिजिटल यंत्र ऑडिओग्राम पाहून जुळवले जाते : जिथे ऱ्हास अधिक तिथे वाढ अधिक, हळू आवाज जास्त मोठा, मोठा आवाज बेताने. म्हणूनच आजोबांचे यंत्र नातीला चालत नाही. सुरुवातीचे काही आठवडे पंखा, भांडी, चपलांचा आवाज नकोसा होतो. मेंदूला सवय व्हावी लागते. मूल वाढते तसा कानाचा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. मग नवा साचा करून घ्यावा. बोलणारा एक-दोन मीटरवर असेल तेव्हा यंत्राचा खरा उपयोग. पत्र्याखालच्या भोजनगृहातल्या कल्लोळात ते फारसे काही करू शकत नाही. अतितीव्र दोषात कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार तज्ज्ञ करतात. कान वाहत असेल तर मात्र आधी डॉक्टर. कोमट तेल कानात ओतण्याची आपली घरगुती रीत थांबलीच पाहिजे.

वसतिगृहात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रात्री यंत्र काढलेले असते, तेव्हा पहाटेची घंटा तिच्यासाठी नसते. खांद्याला हात लावूनच तिला उठवायचे. यंत्र कोरड्या डबीत, सेलचे झाकण उघडे ठेवून. सकाळी मैत्रीण तिच्यामागे चार पावलांवर उभी राहून सहा ध्वनी उच्चारते : आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की हिने हात वर करायचा. मागच्या सोमवारी ‘श’ आणि ‘स’ला हात वर गेला नाही. उजव्या यंत्राचा सेल संपला होता आणि डाव्याचा उतरला होता. अधीक्षिकाताईंनी कपाटातली पाकिटे काढली, आणि ती पहिल्या तासाला पाच मिनिटे उशिरा आली.