सूर्यास्तापूर्वीचे ताट : आंबिवलीतील एका कुटुंबाची जहाज-निवड

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडते आणि काही मिनिटांतच आंबिवली स्थानकात येते. जवळच मोहने, तेथे २००९ साली बंद पडलेला एन.आर.सी.चा रेयॉन कारखाना, पुढे उल्हास नदीचे पात्र आणि स्थानकाच्या वाटेवर किराणा, कापड, भांडी यांची दुकाने. येथून समुद्र दिसत नाही. तथापि उल्हासचे पाणी कल्याणच्या खाडीतून वाहत जाऊन वसईपाशी समुद्रालाच मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नोंद सापडते. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत जहाजबांधणीस प्रारंभ केला. या परिसराला समुद्र परका नाही.

जैन समाजालाही तो परका नाही; मात्र समुद्रप्रवासात आहाराचा प्रश्न नेहमीच मोठा राहिला. १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस जहाजाने गेले. तेथे त्यांनी शाकाहार सांभाळला, तरी परतल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातील काहींनी त्यांना विरोध केला. पुढे सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला. तिचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्र ओलांडण्याचा दोष आता कोणी देत नाही. ताटाचा प्रश्न मात्र उरला आहे.

तोच प्रश्न आंबिवलीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी गेल्या दिवाळीनंतर उभा राहिला. चाळीस वर्षे दुकान सांभाळल्यावर गृहस्थांनी गल्ला थोरल्या मुलाच्या हाती दिला होता. दोन्ही मुलांनी ठरवले की आईबाबांना आणि नातवंडांना घेऊन परदेशी जहाज-सहल करायची. गृहिणींचा चौविहार अनेक वर्षांचा. कंदमूळ तर घरात कोणीच खात नाही. पूर्वी एकदा त्या बसने युरोप फिरून आल्या होत्या. त्या दहा दिवसांत त्यांनी बहुतेक खाकरा, मेथांबा आणि फळे यांवरच निभावले होते. रात्री सगळे जेवायला बसत, तेव्हा त्या खोलीत एकट्या असत.

“तुम्ही सगळे जाऊन या. मी घरीच बरी,” असे त्या म्हणाल्या.

“अगं, तू नसशील तर ही सहल कोणासाठी?” गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी दुकानाच्या सवयीने कागद घेतला आणि उभ्या रेघा मारून हिशेब मांडला.

पहिली रेघ जहाजाच्या आकाराची. २०२४ साली जलप्रवासास निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर साडेपाच हजारांहून अधिक प्रवासी राहतात. खेळ, घसरगुंड्या, तलाव यांची रेलचेल असते. याउलट ओशनिया कंपनीचे ‘रेगाटा’ सुमारे तीस हजार टनांचे. त्यावर सातशेहून कमी प्रवासी आणि त्यांच्या सेवेस सुमारे चारशे कर्मचारी. ही कंपनी २००२ साली स्थापन झाली आणि भोजन हीच आपली ओळख, असे ती पहिल्यापासून सांगत आली. सिल्व्हरसीचे ‘सिल्व्हर मून’ सुमारे सहाशे प्रवाशांचे. ज्या किनाऱ्यावर जहाज जाईल तेथील खाद्यपरंपरा प्रवाशांना शिकवण्याचा उपक्रम त्यावर चालतो. लहान जहाज छोट्या बंदरांतही शिरते. परंतु वाऱ्या-लाटांत ते अधिक डोलते, हे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरी रेघ पैशांची. उंची जहाजांच्या भाड्यात पुष्कळदा मद्याची किंमत धरलेली असते. जो त्यास स्पर्शही करीत नाही, त्याला ती सवलत नव्हे, भुर्दंड आहे. म्हणून वेगवेगळी भाडी जशीच्या तशी न ताडता, प्रत्यक्ष उपयोगात येणाऱ्या गोष्टींचेच मोल धरावे लागते. बक्षिशी, बंदरांवरील सहली, व्हिसा, विमा आणि विमानभाडे हे खर्चही त्याच कागदावर आले, तेव्हा स्वस्त वाटणारे जहाज तितके स्वस्त राहिले नाही.

तिसरी रेघ सर्वांत महत्त्वाची होती, ती सूर्याची. अशा जहाजांवर मुख्य भोजनगृह पुष्कळदा सायंकाळी साडेसहाला उघडते. अथेन्स परिसरात डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्यास तेव्हा ते भोजनगृह निरुपयोगी ठरते. मात्र मेअखेरीस तेथेच सूर्यास्त साडेआठनंतर होतो, म्हणजे निवांत जेवायला दोन तास मिळतात. वर्षीतपाची पारणी अक्षय तृतीयेस आटोपलेली असतात आणि चातुर्मास अजून लागलेला नसतो. एकच जहाज एका ऋतूत अडचणीचे आणि दुसऱ्या ऋतूत सोयीचे ठरते, हे धाकट्या मुलाने तक्ता काढून दाखवले, तेव्हा आईने प्रथमच त्या कागदाकडे नीट पाहिले.

चौथी रेघ मुदपाकखान्याची. ‘शाकाहारी’ या एका शब्दावर विसंबता येत नाही. भाज्यांच्या सुपाच्या पाण्यात कांदा, गाजर आणि सेलरी उकळलेली असू शकते. पास्त्याच्या कणकेत अंडे, मिष्टान्नात जिलेटिन, चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. कुटुंबाने एका पानावर वर्ज्य पदार्थ लिहिले आणि चालणाऱ्या गोष्टीही लिहिल्या : टोमॅटो, ढोबळी मिरची, दुधीसारखी झुकिनी, शेंगा, डाळी, तांदूळ, ताजे पनीर. सोबत उकळलेल्या पाण्याची विनंती जोडली. हे पान तीन कंपन्यांना गेले. एकीकडून ‘शाकाहारी भोजन उपलब्ध आहे’ एवढेच उत्तर आले. दुसरीने काही कळवलेच नाही. तिसरीने उलट विचारले : मुळांबरोबर त्यांची पानेही वर्ज्य का? मध चालेल का? शेवटचा घास किती वाजेपर्यंत?

“ज्याला विचारावेसे वाटते, तोच नीट रांधील,” गृहिणी म्हणाल्या. त्या एका वाक्याने निवड झाली. जहाज सातशेहून कमी प्रवाशांचे, प्रवास मेअखेरीचा, ग्रीसच्या किनाऱ्याने.

मात्र मोठी रक्कम भरण्यापूर्वी गृहस्थांनी एक परीक्षा ठेवली. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजावर जैन भोजन मिळते. तेथे दोन रात्रींची लहान सहल करून समुद्र मानवतो का, हे पाहिले. जहाज फार मोठे, गर्दीही पुष्कळ. पण सूर्य मावळण्याआधी आजी नातवंडांसह एकाच टेबलावर जेवल्या. परतताना त्यांनी स्वतःच विचारले, “ग्रीसमध्ये मेमध्ये थंडी असते का?”

असा विचार करणाऱ्या कुटुंबांनी त्यामुळे तारांकित जाहिरात शेवटी वाचावी. आधी सूर्यास्ताची वेळ पाहावी, मग वर्ज्यांचे पान पाठवून लेखी उत्तर मिळवावे, मगच भाडे ताडून पाहावे. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी मुख्य आचाऱ्यास भेटून तेच पान पुन्हा दाखवावे. कारण कार्यालयाने दिलेला शब्द रांधणाऱ्या हातापर्यंत पोचला आहे की नाही, हे तेथेच कळते.

आंबिवलीच्या त्या घरात आता सामानाची यादी झाली आहे. तीत खाकऱ्याचा डबाही आहे. गृहिणींनी तो या वेळी लहान घेतला आहे.