डॉक्टरांची चिठ्ठी

आमच्या वसईकडे ‘फॅमिली डॉक्टर’ असे फारसे कुणी म्हणत नाही. ‘आपले डॉक्टर’ म्हणतात. आजोबांचा दमा, आईचा मधुमेह, धाकट्याला न सोसणारे पेनिसिलिन, हे सारे त्यांना कागद न पाहता ठाऊक असते. म्हणूनच ‘आता मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ असे ते म्हणाले की घर हबकते.

‘फादर, डॉक्टरांनी हात टेकले,’ असे एका मावशींनी आम्हांला डोळे पुसत सांगितले होते. हातात बंद पाकीट होते. परंतु मुलाच्या कचेरीत कुणीतरी मुंबईतील दुसरेच मोठे नाव सुचविल्यामुळे ते तसेच घरी राहणार होते. आमच्या आग्रहावरून त्यांनी ते उघडले. धाप कधीपासून लागते, पायांवर सूज केव्हा आली, रक्तदाब किती, कोणत्या गोळ्या किती मात्रेत चालू आहेत, ईसीजीत काय आढळले, आणि शेवटी नेमकी विचारणा: हृदयाच्या झडपेत दोष आहे काय, ते तपासून कळवावे. हात टेकलेला माणूस असे प्रश्न विचारीत नाही! मावशी ती चिठ्ठी घेऊनच गेल्या. दोष झडपेतच निघाला.

इंग्लंडमध्ये 1948 साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तेथे तातडीचा प्रसंग सोडला, तर विशेषज्ञाकडे जाण्याची वाट सामान्यतः आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतूनच जाते. आपल्याकडे खाजगी वैद्यकात असे बंधन नाही. फी भरली की कोणतेही दार उघडते. पण छातीतली कळ हृदयाची की पित्ताची, हे दार निवडण्यापूर्वी रुग्णाने कसे ओळखावे? सरकारी व्यवस्थेत प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशा पायऱ्या आहेत खऱ्या. तथापि त्या ओलांडून थेट के.ई.एम. किंवा नायरच्या रांगेत उभे राहणारे आपल्यात थोडे नाहीत.

लोकांच्या मनातला संशय मात्र निराधार नाही. रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली देणे वा घेणे वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनी निषिद्ध ठरविले आहे. तरीही ‘कट’ हा शब्द सर्वांना परिचित आहे आणि 2017 साली राज्य शासनाला त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करवून घ्यावा लागला. या प्रकाराचा भुर्दंड प्रामाणिक डॉक्टरांनाही पडतो, कारण त्यांच्या चिठ्ठीकडेही लोक तिरक्या नजरेने पाहू लागतात. आमचे मत असे, की कुजबुजण्यापेक्षा सरळ विचारावे: ह्यांच्याकडेच का, आणखी एखादे नाव द्याल काय? न रागावता जो दुसरे नाव देतो, त्याच्यावर निर्धास्त विसंबावे.

चिठ्ठीचे उत्तर परत येणे ही गोष्ट आम्हांला त्याहून दुर्मीळ वाटते. विशेषज्ञ नव्या गोळ्या लिहून देतात, जुन्या थांबवायच्या की कसे हे पुष्कळदा कागदावर येतच नाही. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ चक्कर येते म्हणून बिस्किटांच्या डब्यासकट आपल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डब्यातील पाकिटे टेबलावर ओळीने मांडली. दोहोंवरची नावे निरनिराळी होती. आतले रक्तदाबाचे औषध एकच.