आडवाटेने घरी

परदेशवाऱ्यांची वर्णनं वाचून तुम्ही कंटाळला असाल, म्हणून आयफेल टॉवरचं नावही घेत नाही. गेल्या सप्टेंबरात लेक, जावई आणि मी नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात आठवडाभर राहिलो आणि तिथून लेकीच्या घरी, म्हणजे इंग्लंडला, गाडीनेच परतलो. टोलच्या हमरस्त्याने गेलं तर एका लांबलचक दिवसात बोट गाठता येते. आम्ही तीन दिवस घेतले. जावई म्हणाले, "आई, घाई कुणाला आहे?" मला तर मुळीच नव्हती.

लहान रस्ते, माना टाकलेली वाळकी सूर्यफुलं, मधूनच एखादं दगडी गाव. दुपारी बारा ते दोन बहुतेक दुकानं बंद. पुणेकरांना याचं नवल वाटायचं कारण नाही! बाराच्या आत पाव घ्यायचा आणि झाडाखाली बसून खायचा, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकलो. लिमोज मागे पडलं, लुआर नदी ओलांडली. शार्त्रच्या चर्चचे दोन मनोरे तर गाव येण्याच्या कितीतरी आधी सपाट शेतांवर उभे दिसले.

पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीने वेधलं. गाव कितीही लहान असो, चर्चजवळ किंवा गावकचेरीसमोर एक दगडी स्तंभ असतोच. त्यावर १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या मुलांची नावं. शंभर-दीडशे उंबऱ्यांचं गाव आणि वीस-पंचवीस नावं. एकाच आडनावाची तीन-तीन माणसं, भाऊच असतील. त्या युद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक गेले, हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. पण तो आकडा मला कळला तो अशा एका स्तंभापुढे उभं राहून. दरवर्षी ११ नोव्हेंबरला गावोगावी ही नावं मोठ्याने वाचतात, पुष्कळदा शाळेतली मुलंच वाचतात, आणि नावामागून म्हणतात, "फ्रान्ससाठी मरण पावला." हजेरीच म्हणा ना!

मला आपल्याकडची पाटी आठवली. सातारा-रत्नागिरीकडच्या किती तरी गावांत ती आहे. माझ्या पहिल्या नोकरीच्या गावात चावडीच्या भिंतीत होती. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नुसते आकडे. वर्षानुवर्षं तिच्यासमोरून शाळेत गेले; कोण होते ते, हे त्या पाटीने कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी बोटीला वेळ होता, म्हणून मी हट्टाने नव शापेलला गाडी थांबवायला लावली. तिथे शेतांच्या मधोमध भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ साली उभारलेलं. गोल भिंत, कमळ मिरवणारा उंच खांब, शेजारी दोन दगडी वाघ. ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावं तिथे कोरली आहेत. याच गावासाठी २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीचे सॅपर्स शीख पलटणीबरोबर लढले होते. नावं इंग्रजी लिपीत आहेत, मोडकीतोडकी, तरी आपली नावं ओळखू येतात. मी ती हळू आवाजात वाचत गेले. लेक आधी घड्याळ बघत होती, मग तीही वाचू लागली. गावच्या पाटीला जे जमलं नाही ते सात समुद्रापलीकडच्या या भिंतीने केलंय, याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डंकर्कहून डोव्हर दोन तासांचं. डेकवर वारा फार, पण खडूचे पांढरे कडे दिसू लागेपर्यंत मी आत गेले नाही.

आता एक गृहपाठ. तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर घरातल्या, शेजारपाजारच्या जुन्या माणसांना विचारा. एखादं नाव हाती लागलं, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर ते शोधता येतं. स्पेलिंग मात्र चार प्रकारे करून बघा. सापडलं तर मला जरूर कळवा. मी वहीत लिहून ठेवते आहे.