नगरच्या वाटेवरचे तेच गाणे

परभणीहून नगरला मोटारीने जायचे म्हणजे पाच-सहा तासांची बैठक. मानवत, पाथरी, माजलगाव, गढी, पाथर्डी आणि मग करंजीचा घाट. नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसले आहे, तेव्हा तसेच लिहितो. वाचकहो, हा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा. ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींना तर त्यातला खड्डा न् खड्डा ठाऊक. म्हणून त्याचे वर्णन लांबवत नाही. त्या रस्त्यावर ऐकू काय येते ते सांगतो.

जानेवारी संपत आला होता. गाडी पुतण्याची, चालवणारा तोच, मी शेजारी. दुपारी तीनला निघालो. मानवतला कापसाचे ढीग, पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना हुरड्यात आलेली ज्वारी. गाडीतल्या रेडिओवर एक नवे सिनेमातले गाणे लागले. ठेका झकास होता. मीही गुडघ्यावर ताल धरला. पाथरी सोडून ढालेगावला गोदावरी ओलांडली आणि माजलगावच्या अलीकडे आवाज खरखरू लागला. पुतण्याने बटण फिरवले. दुसरे केंद्र लागले. तिथे तेच गाणे! गढीच्या पुढे तेही केंद्र विरले, तेव्हा त्याने आपला पेनड्राइव्ह खोचला. इजा झाला, बिजा झाला, आता तिजा. पेनड्राइव्हमध्येही पहिले गाणे तेच.

"अरे, दुसरं काही नाही का तुझ्याकडं?"

"काका, सध्या हेच चालू आहे."

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? गाजलेले गाणे पुनःपुन्हा लागायचेच. खरे आहे, पण त्यामागे हिशेब असतो. शहरातली गाण्यांची केंद्रे बेताचीच गाणी निवडतात आणि ती रहाटासारखी फिरवत राहतात. ऐकणारा घरून कचेरीत पोचेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे ऐकणार. तेवढ्यात चालू गाणे त्याच्या कानावर पडले पाहिजे. सहा तास गाडीत बसलेला माणूस त्या हिशेबात धरलेलाच नसतो.

आमच्या लहानपणी काही निराळे होते असे नाही. तेव्हाही तेच गाणे दिवसातून दोनदा लागे. त्याच्या आधीची गोष्ट वडील सांगत. १९५२ साली केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोन लावू लागले. अमीन सायानींची गीतमाला तिथलीच. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परत आली. मग फर्माइशींचा पाऊस पडला. आज झारखंडात असलेले झुमरी तिलैया हे गाव केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे देशभर माहीत झाले. आपल्याकडे 'आपली आवड' होती. गाणे तेच असे, पण आधी नावे वाचली जात. अमक्या गावची अमकी मंडळी, तमक्या वाडीचे तमके कुटुंब. आमची आजी गाण्यापेक्षा ती नावेच कान देऊन ऐकायची. ओळखीचे गाव आले की चुलीपाशी हात थांबायचा. एकच गाणे दहा वेळा लागले तरी दर वेळी नवी गावे घेऊन यायचे, म्हणून त्याचा वीट येत नसे.

असो. गढीपासून पुढे अंधार पडला. गाणे पाचव्यांदा की सहाव्यांदा वाजत होते. मी पुतण्याकडे पाहिले. डोळे उघडे होते, पण नजर रस्त्यावर नव्हती. असे झापड येते तेव्हा माणसाला स्वतःला कळत नाही. मी हाक मारणार, तोच समोर काळा डोंगर उभा राहिला. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर! मागचा दिवा लोंबत्या उसाने झाकलेला, लाल चकाकती पट्टी नाही. पुतण्याने ब्रेक दाबला. मग भोंगा वाजवून तो उजवीकडून पुढे काढू लागला. भोंगा एकदा, दोनदा, तीनदा. ट्रॅक्टर काही दबेना. उलट आम्ही मध्यावर असताना तो उजवीकडच्या कच्च्या रस्त्याला वळू लागला. आमची उजवी चाके साइडपट्टी सोडून काळ्या रानात उतरली आणि गाडी बाभळीपासून दोन हातांवर थांबली. पुढच्या चाकाचे अंतर मी नंतर पायाने मोजले.

रागाने खाली उतरलो, तर कानावर काय पडले? तेच गाणे. ट्रॅक्टरच्या टपावर दोन मोठे कर्णे, आणि त्यातून ठेका असा दणकत होता की भोंगा सोडा, आभाळ गडगडले तरी ऐकू येऊ नये. चालवणारे पोर विशीतले. आम्हाला पाहून घाबरून खाली आले, आधी गाणे बंद केले.

"साहेब, दिसलाच नाहीत. ऐकूबी आलं नाही."

"एवढा आवाज कशाला रे लागतो?"

"बंद केलं की डोळा लागतो बघा. काल रातभर कारखान्यावर नंबराला उभा होतो, परवाबी. सकाळी खाली झालो की लगेच फडावर."

वाचकहो, माझा राग तिथेच निवला. एकच गाणे आमच्या गाडीत झोप आणत होते आणि त्याच्या ट्रॅक्टरवर झोप घालवत होते. खरे म्हणजे घालवतही नव्हते. नुसते झाकत होते. तो कोणाचा तरी मुलगा. कदाचित हे पान तुम्ही वाचत असाल आणि तुमचाही मुलगा या वेळी यार्डात नंबराला उभा असेल. त्याच्या कर्ण्याचा आवाज निम्मा करायला सांगा, आणि मागच्या ट्रॉलीला लाल पट्टी उसाच्या खाली, दिसेल अशी ठोका. गाडी बाजूला लावून अर्धा तास झोपला तर कारखाना कुठे पळून जात नाही.

माझ्याकडे थर्मासमध्ये चहा होता. तिघांनी घेतला. पोराने ट्रॉलीतून एक कांडे ओढून पुतण्याच्या हातात दिले. मग तो ट्रॅक्टरच्या सीटवर तसाच मान टाकून झोपला. आम्ही पंचवीस मिनिटे मागे दिवे लावून उभे राहिलो.

पाथर्डीपर्यंत गाडीत काहीच वाजले नाही. काचा खाली केल्या. कुठे पाण्याचा दांड वाहत होता, कुठे रानात कोणी डुकरे हाकलायला पत्रा बडवत होते. रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देणाऱ्याची बॅटरी हलताना दिसली. पुतण्या विचारू लागला आणि मी सांगू लागलो. तीस वर्षांत या भागात पीक कसे बदलले, आधी बाजरी कुठवर होती, पाणी आल्यावर ऊस कुठवर सरकला.

करंजीचा घाट चढू लागलो. एफ. एम.च्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगराआड उतरत नाहीत. म्हणून पायथ्याशी रेडिओ मुका असतो आणि माथ्यावर आले की नगर एकदम बोलू लागते. पुतण्याने बटण दाबले. निवेदिका दोन शब्द बोलली आणि ठेका सुरू झाला. आम्ही दोघे हसलो.

"ठेवू का, काका?"

"ठेव. आवाज मात्र बारीक ठेव, अन् काच खालीच राहू दे."