आमच्या घरातली सुरांची भेसळ

शाळेत मी अर्धवेळ शिक्षिका. पगार तासावर, पण गॅदरिंग आलं की काम पूर्णवेळ! यंदाही डिसेंबर लागला तशी मुख्याध्यापिकाबाईंनी हाक मारली, "तुम्ही गाण्याची मध्यमा दिलीय ना? मग समूहगीत तुमच्याकडे." लग्नाआधी दिलेली परीक्षा अशी पंधरा वर्षांनी अंगावर येईल, असं कुणाला वाटलं होतं?

माझ्या आजीची जात्यावरच्या ओवीची एक चाल माझ्या कानात अजून आहे. तीच बसवायची ठरवली. पण मुली म्हणाल्या, "बाई, नुसती ओवी बोअर होते हो. की-बोर्ड घेऊ या ना!" आमचे चिरंजीव आठवीत आहेत आणि दर शनिवारी की-बोर्डच्या क्लासला जातात. एवढी फी भरतो, ती कधी कामी येणार? म्हटलं, दोन्ही घालू. काहीतरी नवीन होईल.

घरात हे बोलले मात्र, आणि आरामखुर्चीतून मामंजींचा आवाज आला, "तेलात भेसळ केली तर शिक्षा होते, आणि सुरात केली की टाळ्या!"

आमचं गाव मिरज. इथे गल्लीत सतारी-तंबोरे तयार होतात, त्यामुळे गाण्यावर मत नाही असा माणूस सापडायचा नाही. त्यात अण्णा, म्हणजे मामंजी, चाळीस वर्षं पेटी वाजवणारे. भजन असो, हौशी मंडळींचं नाटक असो, साथीला अण्णाच. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं-चालणं सुधारलं, पण डाव्या हातात जोर आला नाही. आणि भाता तर डाव्याच हाताने मारायचा. तेव्हापासून पेटी कपाटावर, खोळ घालून. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

तालीम आमच्याच हॉलमध्ये सुरू झाली. पहिल्या दिवशीच फजिती! चिरंजीवांनी बटण दाबून तो आपोआप वाजणारा ठेका सुरू केला. ओवी म्हणजे काय, जात्याचा खुंटा ओढताना लांबते, पीठ सारायला हात थांबला की थांबते. ती त्या धिनचॅक धिनचॅकमध्ये बसेना. मुली आगगाडी धरायला निघाल्यासारख्या धावू लागल्या. बरं, मुलींची पट्टी काळी चार. क्लासमध्ये हे शिकले फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर. मग ट्रान्सपोजचं बटण दाबलं, की बोटं तिथेच आणि सूर काळी चारमधे! अण्णा पुटपुटले, "मेहनत न करता पट्टी बदलतात लेकाचे."

तिसऱ्या दिवशी ठेका बंद करून नुसते कॉर्ड वाजवायला सांगितले. दोन ओळी बऱ्या गेल्या आणि अण्णा एकदम ओरडले, "भूपात निषाद कुणी घातला?"

ते खरंच होतं. आजीची चाल भूपाच्या अंगाने जाते. भूपात मध्यम नाही आणि निषादही नाही. आणि क्लासमध्ये पहिल्यांदा शिकवतात ते तीन कॉर्ड कोणते? सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. पहिला चालतो. दुसऱ्यात मध्यम शिरतो, तिसऱ्यात निषाद. मुलींच्या तोंडी ते सूर नव्हतेच, पण पाठीमागून येत होते, आणि माझ्या आजीची ओवी कुठल्याशा सिनेमातल्यासारखी वाटत होती. मला काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते सांगता येत नव्हतं. मध्यमा पास!

पण मुलींसमोर ओरडल्याचा मला राग आला. चिरंजीव तर रडकुंडीला आले. मुली गेल्यावर मी बोलू नये ते बोलले. "अण्णा, तुमची पेटी तरी कुठे इथली? फ्रान्समध्ये जन्मली. १९४०मध्ये रेडिओने ती बंदच केली होती, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत म्हणून. १९७१पर्यंत तिला तिथे जागा नव्हती. आणि काळी चार, पांढरी पाच म्हणता, त्या पट्ट्या कुणाच्या? तुमचं नाट्यसंगीत तरी कुठे निर्भेळ आहे? १८८०च्या 'शाकुंतला'त कीर्तनातली साकी-दिंडी, कानडी चाली, सगळं होतंच की!"

अण्णा काही बोलले नाहीत. रात्री जेवले नाहीत. हे एवढंच म्हणाले, "पेटीचं काढायची काय गरज होती तुला?" मला झोप लागली नाही. ज्या माणसाची पेटी हातातून गेली, त्याला ती मुळात आपली नव्हतीच असं मी ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर जिन्यातच सूर ऐकू आले. चिरंजीव शाळेत, मग कोण? अण्णा की-बोर्डसमोर बसले होते. डावा हात मांडीवर, उजव्या हाताने 'मानापमाना'तलं पद चाललं होतं. मला पाहून थांबले नाहीत. पद संपल्यावर म्हणाले, "याला भाता नाही."

मी म्हटलं, "हो ना."

"तेच सांगतोय. श्वास नाही याला. भात्याने सूर फुलवता येतो, हा आपला एकसारखा ओरडतो." आणि जरा वेळाने, "तू काल म्हणालीस ते खोटं नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे मिरजेत राहिले. कर्नाटकी लोकांची सरगम त्यांनी आपल्या गाण्यात घेतली. पण आधी ती नीट ऐकली. तुम्ही ऐकता कुठे? दोघं एकदम सुरू करता."

मग संध्याकाळी तालीम त्यांनीच घेतली. चिरंजीवांना सांगितलं, मुली गात असताना फक्त सा आणि प धरून ठेव, मधलं बोट उचल. जिथे त्या श्वास घेतील, म्हणजे जिथे जातं थांबतं, तिथे तुझं काय ते वाजव, तेही पाच सुरांत. फार तर ध-सा-ग घे, त्यात परका सूर नाही. चिरंजीवांनी तो कॉर्ड घेतला आणि ओवीला एकदम सांजवेळेसारखं काहीतरी झालं. आजीने असं कधी ऐकलं नसेल, पण तिने ओळखलं असतं. दोन्ही मिळून चांगलं व्हायला एकाला बराच वेळ गप्प बसावं लागतं, हे मला संसारात कळलं होतं, गाण्यात कळायला अण्णा लागले.

गॅदरिंग झालं. माइक दोनदा कोकलला, बाकी ठीक. पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांचा अभिप्राय: "तिसऱ्या ओवीला मुली चढल्या."

आता आमच्याकडे रोज संध्याकाळी भांडण असतं, की-बोर्ड कुणाचा? परवा चिरंजीव वैतागून म्हणाले, "मग तुमची पेटी मला द्या!" मला वाटलं, झालं! पण अण्णा म्हणाले, "काढ खाली. भाता मारशील?"

खोळ काढली तर दोन पट्ट्या दमटाने फुगलेल्या आणि भात्याला उंदराने कुरतडलेलं. पेटी दुरुस्तीला टाकलीय. पंधरा दिवस लागतील म्हणालाय.